सुगरणीच्या गावचा पाहुणा

हिवाळ्यात गेटवेवरून मांडव्याची बोट पकडलीत, तर एक गंमत फुकटात बघायला मिळते. बोट धक्का सोडते न सोडते तोच कुरव पक्ष्यांचा थवा मागे लागतो. पंख हलवायचेही कष्ट न घेता ते बोटीच्या बरोबरीने तरंगत राहतात आणि डेकवरची पोरं त्यांना वेफर्स भिरकावत असतात. त्यातले कितीतरी पक्षी लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर जन्मलेले असतात. हिमालय ओलांडून ते आपल्या किनाऱ्यावर आलेले असतात. हातात नकाशा नाही, जीपीएस नाही, बोलतात ते आपल्याला कळत नाही, आणि आपल्याला न दिसणारे रंग त्यांना दिसतात. परग्रहावरचा प्राणी म्हणजे याहून वेगळं काय असतं? आणि त्याचं स्वागत आपण कशाने करतो, तर वेफर्सने!

2003 साली 'कोई मिल गया' आला तेव्हा प्रत्येक होस्टेलच्या कॉमन रूममध्ये 'जादू'ची नक्कल करणारा एक तरी नग होता. एक पोरगा आणि दुसऱ्या ग्रहावरचा हुशार जीव यांची दोस्ती, ही कल्पना विज्ञानकथांमध्ये तर किती वेळा येऊन गेली असेल. पण मित्रांनो, असा एक पोरगा खरोखर होऊन गेला. त्याचा तो दूरचा ग्रह मांडवा जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. जेट्टीवरून अलिबागच्या बसने निघायचं, सासवणे, आवास मागे टाकायचं, चोंढी नाक्यावर समुद्राच्या बाजूला वळायचं की आलं किहीम. पोराचं नाव सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली. म्हणजे आपले डॉ. सालिम अली. स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये ते 'भारताचे पक्षीपुरुष' एवढ्या एका ओळीत उरकलेले असतात. दोन मार्कांचा प्रश्न. माणूस मात्र दोन मार्कांत बसणारा नव्हता.

12 नोव्हेंबर 1896 चा जन्म, मुंबईतल्या खेतवाडीचा. घर सुलेमानी बोहरा. भावंडं एकूण नऊ आणि सालिम त्यातलं शेंडेफळ. तो एक वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई गेली. हा सगळा पोरवडा मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी आपल्या पंखाखाली घेतला. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. तय्यबजी घराणं मोठं, 1887 साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. त्यामुळे पोरकेपण आलं तरी गरिबी किंवा एकटेपण वाट्याला आलं नाही. घरात माणसांची जत्रा आणि सुट्टी लागली की मुक्काम चेंबूर नाहीतर किहीम. चेंबूर! आज आपण ज्या चेंबूरला ट्रॅफिकमध्ये अडकतो ते त्या काळी झाडीझुडपांचं गाव होतं. आणि किहीम म्हणजे कुलाबा जिल्ह्यातलं नारळी-पोफळीतलं, वाळूच्या किनाऱ्याचं गाव. (कुलाब्याचं रायगड झालं ते 1981 साली.)

अमिरुद्दीन मामा पक्के शिकारी. भाच्याच्या हातात त्यांनी छऱ्याची छोटी एअरगन दिली. खेतवाडीत पोरांच्या नेमबाजीच्या स्पर्धा चालायच्या. त्यात एक लांबचा भाऊ फार नेमका होता, त्याचं नाव इस्कंदर मिर्झा. पुढे तो पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला! एकाच गल्लीतली दोन पोरं, एकाच बंदुकीचा नाद, आणि पुढे वाटा बघा कशा फुटल्या.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, कारण अशा लेखांमध्ये ती बहुतेक वेळा गाळतात. सालिमची पक्ष्यांशी पहिली ओळख झाली ती बंदुकीच्या नळीतून. घराजवळच्या तबेल्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर पहाऱ्याला. नऊ-दहा वर्षांच्या सालिमने नर टिपला. थोड्या वेळाने बघतो तर मादीने दुसरा नर आणलेला. तोही टिपला. तिसरा हजर! सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले आणि दर वेळी नवा नर येऊन पहाऱ्याला बसला. क्रूर होतं का? होतंच. पण दुसरा पोरगा आठ चिमण्या मारल्या म्हणून मिरवला असता आणि विसरून गेला असता. याने काय केलं, तर वहीत टिपण करून ठेवलं. नर मेला की मादी दुसरा कुठून आणते, एवढे बिनलग्नाचे नर असतात तरी कुठे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला. खेळ तिथे संपला आणि निरीक्षण सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही.

1908 च्या सुमाराची गोष्ट प्रसिद्धच आहे. एक चिमणी पडली, पण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. मुसलमान घरातला पोरगा, ही खावी की नाही हा पहिला प्रश्न, आणि ही आहे कोण हा दुसरा. मामाला दोन्हीची खात्रीलायक उत्तरं देता येईनात. मामा स्वतः बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि पोराला चिमणीसकट फोर्टात पाठवलं.

1883 साली स्थापन झालेली ही सोसायटी तेव्हा फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या जागेत भरायची. मिलार्डसाहेबही त्याच कंपनीतले. आत पेट्या, कपाटं, पेंढा भरलेले प्राणी, आणि या सगळ्यात विल्यम नावाचा एक जिवंत धनेश! हा पक्षी 1894 पासून 1920 पर्यंत सोसायटीच्या कचेरीत राहिला. आजची 'हॉर्नबिल हाऊस' ही इमारत आणि सोसायटीचं बोधचिन्ह त्याच्याच नावाने आहे. कल्पना करा, तो इंग्रजांचा काळ, समोर गोरा साहेब, आणि कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन उभा असलेला किरकोळ अंगाचा पोरगा. साहेबाने हाकललं असतं तर ही कथा तिथेच संपली असती. पण मिलार्डने चिमणी ओळखली : पीतकंठी चिमणी, आपली रानचिमणी. मग एकामागून एक खण उघडून भारतातल्या पक्ष्यांचे नमुने दाखवले. कातडं कसं सोडवायचं, कसं टिकवायचं, नोंद कशी करायची हे शिकवायची सोय करून दिली. वाचायला पुस्तकं दिली, त्यात एडवर्ड हॅमिल्टन एटकन यांचं मुंबईच्या पक्ष्यांवरचं पुस्तक होतं. मला विचाराल तर या कथेतला खरा नायक काही क्षण तरी मिलार्ड आहे. शाळकरी पोराचा प्रश्न मोठ्या माणसाने गंभीरपणे घेणं ही आजही दुर्मिळ गोष्ट आहे.

अभ्यासात मात्र सगळा आनंद. तेराव्या वर्षाच्या आसपास डोकेदुखीने पछाडलं, हवापालट म्हणून सिंधला पाठवलं. शाळा बुडाली. 1913 साली मॅट्रिक कशीबशी सुटली. सेंट झेवियर्समध्ये नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी गणिताने घाम फोडला. आपल्यातले जे एम-थ्री तिसऱ्यांदा देताहेत त्यांना हे वाचून जरा बरं वाटेल. (फार नको, पुढे वाचा.) कॉलेज सोडून सालिम थेट ब्रह्मदेशात पळाला. तव्हॉय इथे भावाचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. वुल्फ्रॅम म्हणजे टंगस्टनचं खनिज, मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. धंद्यात लक्ष किती होतं ते देव जाणे, पण भोवती तेनासरीमचं घनदाट जंगल होतं आणि हाताखाली साडेतीन हॉर्सपॉवरची एनएसयू मोटरसायकल. या दोन गोष्टींनी त्याला जन्मभर सोडलं नाही. मोटरसायकलची गोष्ट पुढे येतेच.

1917 साली परत मुंबई. इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं. हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायला दावर्स कॉलेजात नाव घातलं, पण झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी प्राणिशास्त्राच्या वर्गाला ओढलं. डिसेंबर 1918 मध्ये नात्यातल्याच तेहमिना बेगमशी लग्न झालं. नोकरीचा मात्र पत्ता नाही. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये पक्षीशास्त्रज्ञाची जागा होती, ती रीतसर पदवी नाही म्हणून हुकली. 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात) गाइड लेक्चररची जागा मिळाली. पगार महिना 350 रुपये, त्या काळी उत्तम! काम काय, तर शाळेच्या पोरांना आणि पाहुण्यांना काचेच्या पेटीतले पेंढा भरलेले पक्षी समजावून सांगायचे. दोन वर्षांत कंटाळा आला. 1928 साली रजा घेऊन ते जर्मनीला गेले, बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली.

हा बर्लिनचा टप्पा फार महत्त्वाचा आहे. तोवर आपल्याकडे पक्षीशास्त्र म्हणजे बहुतेक गोऱ्या साहेबांचा छंद. गोळी घालायची, कातडं काढायचं, चोचीची-पंखाची मापं घ्यायची, लेबल लावून खणात टाकायचं. स्ट्रेझमान जगातल्या पहिल्या फळीतले वर्गीकरणतज्ज्ञ, पण जिवंत पक्षी कसा राहतो, जोडी कशी जमवतो, हा त्यांच्या लेखी खरा अभ्यासाचा विषय होता. हेल्गोलँड बेटावर सालिम अलींनी पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा माग कसा काढतात ते पाहिलं. डोकं नव्या कल्पनांनी भरून ते 1930 साली मुंबईला उतरले आणि बघतात तर म्युझियममधली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली!

वय तेहतीस. पदवी नाही, नोकरी नाही. बर्लिनचा अनुभव आहे, पण तो घेऊन कुणाच्या दारात जायचं? मुंबईत घर चालवायचं तर पैसे हवेत. कारकुनी धरायची की पक्षी सोडायचे, असा सरळ सामना होता. आपल्याकडे प्लेसमेंट सीझन संपल्यावर कॉरिडॉरमध्ये जे चेहरे दिसतात ते आठवा आणि त्यात दहा-बारा वर्षांचा संसार मिळवा. या वेळी नवऱ्याच्या मागे ठाम उभी राहिली ती तेहमिना. शहरातला खर्च टाळून दोघं किहीमला राहायला गेली. लहानपणीच्या सुट्टीचं ते किहीम आता बेकारीतला आसरा झालं. दिवस पावसाळ्याचे होते. आणि घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती.

आता जरा थांबू, कारण या लेखातला परग्रह तो हाच.

सुगरण म्हणजे चिमणीएवढा पक्षी. एरवी नर-मादी दोघेही मातकट, कुणी ढुंकून बघणार नाही. विणीचा हंगाम आला की नराचं डोकं आणि छाती हळदीसारखी पिवळीजर्द होते. मग तो बांधकामाला लागतो. भाताची किंवा गवताची पात घेऊन बुडाशी चोचीने खाच पाडायची, टोक चोचीत धरून उडायचं, की वीस ते साठ सेंटिमीटर लांबीची पट्टी सरळ सोलून निघते. माड-ताडाच्या झावळीचीही अशीच. एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत खेपा! फांदीला किंवा झावळीच्या टोकाला आधी गाठी मारायच्या, मग कडी विणायची, कडीवर छप्पर चढवायचं. इथवर आलं की आकार दिसतो हेल्मेटसारखा. एवढ्याला साधारण आठ दिवस, आणि संपूर्ण खोपा व्हायला अठराच्या आसपास. खिळा नाही, गोंद नाही. हत्यार एकच, चोच. सिव्हिलचे लोक टेन्शन मेंबर, सस्पेंडेड स्ट्रक्चर वगैरे शिकतात, त्यांनी एकदा वाळलेला खोपा हातात घेऊन बघावा. वाऱ्यात हेलकावे खातो, पण सुटत नाही. आत चिखलाचे गोळे लिंपलेले असतात. गावाकडे सांगतात की सुगरण त्या चिखलात काजवे चिकटवून दिवा लावते. दिवाबिवा काही नाही. वाऱ्यात खोपा स्थिर राहायला ते वजन उपयोगी पडत असावं, असा अंदाज आहे. झाडाच्या पूर्वेच्या अंगाला खोपे जास्त असतात, कारण मोसमी पाऊस-वारा येतो नैर्ऋत्येकडून. जागा निवडायची तर काटेरी बाभूळ नाहीतर पाण्यावर झुकलेली फांदी, म्हणजे सापा-उंदरांना चढणं कठीण.

आणि गंमत पाहा, हे सगळं करतो नर. मराठीत नाव मात्र सुगरण, स्त्रीलिंगी! बहिणाबाईंच्या कवितेमुळे शाळेपासून आपल्या डोळ्यांसमोर खोपा विणणारी आईच येते. कविता सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण विणकाराचं श्रेय बिचाऱ्या बाबाला भाषेत कधीच मिळालं नाही.

किहीमच्या वसाहतीत पूर्ण खोप्यांबरोबर अर्धवट खोपेही पुष्कळ लटकत होते. ते का? जुन्या पुस्तकांमध्ये उत्तर होतं की मादी अंड्यांवर असताना नराला बसायला-झोपायला तो अर्धा खोपा. म्हणजे नवऱ्याची बैठकीची खोली! उत्तर सोयीचं होतं, साहेबांना पटणारंही होतं. सालिम अलींनी काय केलं, तर वसाहतीजवळ आडोसा करून बसले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, हंगामभर. कुठला नर कुठला खोपा विणतो, कुठली मादी कधी येते, कुठे शिरते, कुठून नाक मुरडून निघून जाते, याच्या तारीखवार नोंदी. बंदूक नाही. ज्या पोराने तबेल्यात आठ चिमणे टिपून प्रश्न विचारला होता, तोच माणूस या वेळी नुसता बसून होता.

हळूहळू त्या वसाहतीचा कायदा उलगडत गेला. नर आधी अर्धा खोपाच विणतो. हेल्मेट तयार झालं की सगळे नर आपापल्या खोप्याला लटकून पंख फडफडवतात, कलकलाट करतात. मग माद्यांचं टोळकं पाहणीला येतं. मादी आत शिरते, चोचीने ओढून-ताणून बघते. पसंत पडला तर ती ताबा घेते, जोडी जमते आणि तेव्हा कुठे नर उरलेलं बांधकाम करतो : अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी ती लांब नळी. नापसंत झाला तर अर्धा खोपा तसाच राहतो. म्हणजे ती नवऱ्याची बैठक नव्हतीच, ते नाकारलेले किंवा गिऱ्हाईकाची वाट बघणारे सॅम्पल फ्लॅट होते! (पुढच्या काळातल्या अभ्यासात असंही दिसलं की मादी विणकामापेक्षा जागेला जास्त किंमत देते. लोकेशन, लोकेशन.)

आणि खरी मेख पुढे आहे. मादीने दोन ते चार पांढरी अंडी घातली की नर तिथे थांबत नाही. त्याच वसाहतीत तो दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीला दाखवतो. ती स्थिरावली की वेळ असेल तर तिसरा. एकाच वेळी जनानखाना नाही, एकामागून एक संसार. इंग्रजीत याला सिक्वेन्शियल पॉलिगॅमी म्हणतात. सुगरणीतली ही पद्धत पहिल्यांदा नीट उलगडून मांडली ती किहीमच्या पावसात बसलेल्या या बेकार माणसाने. 1931 साली सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला आणि देशाबाहेरच्या पक्षीशास्त्रज्ञांना सालिम अली हे नाव कळलं. प्रयोगशाळा नाही, ग्रँट नाही, उपकरण म्हणाल तर डोळे आणि वही. नोकरी असती तर ते त्या पावसाळ्यात म्युझियममध्ये शाळेच्या सहलीला पेंढा भरलेला मोर दाखवत असते.

निबंधाने नाव झालं, पोट भरण्याचा प्रश्न सुटला नाही. त्यावर त्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. ब्रिटिशांनी देशाच्या बऱ्याच भागांतल्या पक्ष्यांची मोजदाद केली होती, पण कित्येक संस्थानं तशीच राहिली होती. सालिम अलींनी संस्थानिकांना सुचवलं : तुम्ही प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी तुमच्या राज्यातले पक्षी नोंदवून देतो, पगार नको. सुरुवात हैदराबादपासून झाली. मग त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर. तंबू, बैलगाड्या, डाकबंगले, आणि सोबत तेहमिना. कॅम्पची सगळी व्यवस्था ती बघायची.

याच काळात ह्यू व्हिसलर या बड्या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाशी त्यांची गाठ पडली, तीही भांडणातून. भृंगराज पक्ष्याच्या शेपटीबद्दल व्हिसलरने लिहिलेलं चुकीचं आहे, असं या अनोळखी हिंदी माणसाने जाहीरपणे दाखवून दिलं. व्हिसलर भडकला, तिखट पत्रं लिहिली. पण मग त्याने आपल्याकडचे नमुने पुन्हा काढून तपासले आणि चूक मान्य केली. पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली. संस्थानांच्या सर्वेक्षणात व्हिसलरची मदत मोलाची ठरली.

1939 साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेली. लग्नाला एकवीस वर्षं होत होती, मूलबाळ नव्हतं. हा घाव सालिम अलींना फार खोल लागला. पुढचं आयुष्य ते बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे राहिले. दोन वर्षांनी, 1941 साली, 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' प्रसिद्ध झालं. चित्रं आणि सोपी माहिती, खिशाला परवडेल असं. नेहरूंनी ते इंदिरेला भेट दिलं होतं. आजवर या पुस्तकाच्या एकामागून एक आवृत्त्या निघत आल्या आहेत आणि भारतात दुर्बीण गळ्यात अडकवलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी ते असतंच.

आता ती मोटरसायकल. आपल्या पार्किंगमधल्या मंडळींनी कान टवकारावेत. तव्हॉयच्या एनएसयूनंतर या गृहस्थांनी सनबीम, हार्ले-डेव्हिडसन (एक नाही, तीन मॉडेल्स), डग्लस, स्कॉट, न्यू हडसन, झेनिथ अशा गाड्या बाळगल्या. बीएमडब्ल्यू काही नशिबात आली नाही, याची हळहळ शेवटपर्यंत. 1950 साली स्वीडनमधल्या उप्सालाला आंतरराष्ट्रीय पक्षीशास्त्र परिषद होती. वय त्रेपन्न. यांनी स्ट्रॅथईडन बोटीवर आपली सनबीम चढवली आणि बरोबर युरोपला नेली! फ्रान्समध्ये एक अपघात, जर्मनीतल्या दगडी रस्त्यांवर दोन-चार वेळा लोटांगण, असं करत पाठीवर सामानाचा डोंगर घेऊन स्वारी उप्सालात दाखल झाली. परिषदेत बातमी पसरली की हा माणूस भारतातून गाडी चालवत आला! ती खरी नव्हती, पण त्यांचा अवतार बघून लोकांना खरी वाटली एवढं नक्की.

स्वातंत्र्यानंतरची कामं यादीच करायची तर पान पुरणार नाही. सोसायटी पैशांअभावी डबघाईला आली तेव्हा त्यांनी नेहरूंना साकडं घालून ती वाचवली. भरतपूरचं केवलादेव आणि केरळातलं सायलेंट व्हॅली टिकवण्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. अमेरिकेचे सिडनी डिलन रिप्ली यांच्याबरोबर भारत-पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, तो 1964 ते 1974 अशी दहा वर्षं निघत होता. पद्मभूषण 1958, पद्मविभूषण 1976. त्याच सुमारास गेटी पारितोषिक मिळालं, त्यातून सोसायटीत निसर्गसंवर्धनाचा निधी उभा राहिला. 1985 साली राज्यसभेवर नियुक्ती झाली, आणि त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. त्याच्या नावातही चिमणीच आहे : 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'.

पदवीचं काय झालं, असं कुणीतरी विचारेलच. अलिगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याहून खमंग गोष्ट म्हणजे ज्यांची पहिली नोकरी पदवीवाचून हुकली होती, त्यांना मुंबई विद्यापीठाने पदव्युत्तर संशोधनाचे मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. त्यांचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी विषय कुठला घेतला असेल? सुगरण. भारतातल्या सुगरण पक्ष्यांवरचा त्यांचा ग्रंथ 1964 साली आला.

20 जून 1987 रोजी मुंबईत सालिम अली गेले, नव्वदी उलटल्यावर. कोकणात जून म्हणजे पाऊस लागलेला, भाताची रोपं वर येऊ लागलेली आणि नर सुगरणींची डोकी पिवळी व्हायला लागलेली. आता मांडव्याहून अलिबागकडे जाताना दुतर्फा बंगल्यांची कुंपणं वाढली आहेत. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाल्याने गाडीसकट जाता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर भातखाचराच्या किंवा विहिरीच्या कडेचं झाड बघून थांबा. खोपे दिसले तर पूर्ण किती आणि हेल्मेटवर अडकलेले किती, ते मोजा. आडोशाला बसायचं, आणि हो, वेफर्स बॅगेतच ठेवायचे.